आधी स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा

प्रश्न असा आहे. पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका गावात सहा वर्षांपासून दहा खाटांचं हॉस्पिटल चालवणारे ३७ वर्षांचे बालरोगतज्ज्ञ लिहितात : "पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. खाली दवाखाना, वर घर. वजन ६९ वरून ८४ वर गेलंय. परवा सहज बीपी पाहिलं तर १४८/९६. झोप लागत नाही म्हणून चार महिन्यांपासून रोज रात्री अल्प्राझोलाम ०.२५ घेतोय. मागच्या आठवड्यात एका आजीवर ओरडलो. तिने फक्त नातवाचं औषध पुन्हा एकदा समजावून सांगा म्हटलं होतं. दिवसभर लोकांना वेळेवर जेवा, व्यायाम करा सांगतो आणि स्वतः रात्री साडेअकराला शेवभाजी खातो. मॅडम, सुरुवात कुठून करू?"

डॉक्टर, सुरुवात चालण्यापासून करू नका, डाएटपासूनही नको. येत्या आठवड्यात तुमच्या गावाबाहेरच्या एखाद्या फिजिशियनकडे जा आणि स्वतःच्या नावाचा केसपेपर काढा. बाकी सगळं त्यानंतर.

हे पहिलं का, ते सांगते. तुमच्या प्रश्नात बीपी तुम्हीच पाहिलंय, गोळी तुम्हीच निवडली आणि फॉलोअपची तारीख कोणीच दिलेली नाही. हीच हिस्ट्री घेऊन एखादा दुकानदार माझ्यासमोर बसला असता तर मी त्याला विचारलं असतं, रात्री घोरता का? मानेच्या-पाठीच्या दुखण्यासाठी गोळ्या खाता का? आठवड्यातून किती वेळा पिता? वडिलांना शुगर होती का? यातला एकही प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलेला दिसत नाही. विचारला असता तर वेदनाशामकांनीही बीपी वाढतं, हे तुम्हाला लगेच आठवलं असतं. घोरणं आणि ४० सेंटिमीटरच्या वरचा गळा असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी लागते, आणि तशा माणसाने झोपेची गोळी घेणं बरोबर नाही, हेही आठवलं असतं. ज्ञान कमी पडत नाही हो आपल्याला. आपण स्वतःकडे पेशंट म्हणून बघतच नाही.

माझंच सांगते. मी मेडिसिनची, धुळ्यात ३१ वर्षं प्रॅक्टिस. वयाच्या ४६ व्या वर्षी आमच्या लॅबमध्ये नवीन मशीन बसवलं. टेक्निशियन मुलाला तपासून बघायला सॅम्पल हवं होतं. दुपारची जेवणाची वेळ होऊन गेली होती, मी हात पुढे केला. थोड्या वेळाने तो केबिनच्या दाराशी आला आणि आत येईना. "मॅडम, मशीन चुकतंय बहुतेक." चिठ्ठीवर साखर २६८ होती. मशीन चुकत नव्हतं. मी काय केलं असेल? ड्रॉवर उघडला, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची सॅम्पलची पट्टी काढली आणि पुढचे आठ महिने कोणालाही, घरीसुद्धा, काही सांगितलं नाही. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी केली नाही, डोळ्यांचा पडदा तपासला नाही, लघवीतलं अल्ब्युमिन पाहिलं नाही. रोज पेशंटांना या तिन्ही तपासण्या लिहून देत होते.

शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एका लग्नात माझा उतरलेला चेहरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. त्यांनी कंपाउंडरला माझा केसपेपर काढायला सांगितलं, वजन करायला लावलं, बूट-मोजे काढून पाय तपासले आणि निघताना फी घेतली. मला क्षणभर अपमान वाटला. डॉक्टर डॉक्टरची फी घेत नाही, ही आपली रीत. ते म्हणाले, "फुकट तपासलं तर तुम्ही परत येणार नाही. संकोच वाटेल." ते अगदी खरं होतं. फी न घेण्याची आपली जुनी सौजन्याची पद्धत चांगल्या मनाने सुरू झाली असेल, पण तिच्यामुळे आपण एकमेकांकडे दुसऱ्यांदा जात नाही. कॉरिडॉरमध्ये, फोनवर, चहा पिता पिता सल्ला घेतो आणि त्याची कुठे नोंद राहत नाही. म्हणून तुम्ही फी द्या. समोरचा नको म्हणाला तरी द्या. परत जायला तोंड राहतं.

जायच्या आधी सात दिवस घरी बीपी मोजा. दोन पेशंटच्या मधे उभ्या उभ्या नाही. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर मग खरंच बीपी आहे आणि त्यासाठी औषध लागलं तर ते घ्यायचं, व्यायामाने उतरेल म्हणून वर्षभर लांबवायचं नाही. कंबर टेपने मोजा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही रेघ आहे. बीएमआयचीही आपली रेघ पाश्चात्त्यांपेक्षा खाली आहे, २३ ला वजन जास्त आणि २५ ला लठ्ठपणा. सोबत रक्ताच्या तपासण्या : एचबीए१सी, लिपिड (चरबी), क्रिएटिनिन (किडनी), टीएसएच (थायरॉइड).

आता गोळीबद्दल, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात मला जास्त काळजी तिचीच वाटली. ०.२५ म्हणजे काहीच नाही असं तुम्हाला वाटत असणार. पण झोपेसाठी या जातीची औषधं दोन ते चार आठवड्यांच्या पुढे न्यायची नसतात आणि तुम्हाला चार महिने झालेत. हे वाचून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. एकदम सोडली की झोप आधीपेक्षा जास्त उडते, धडधडतं, घाबरल्यासारखं होतं, आणि मग माणूस 'बघा, मला गोळी लागतेच' म्हणून दुप्पट घेतो. हळूहळू, पायरी-पायरीने कमी करायची, आणि ती पायरी दुसऱ्याने ठरवून द्यायची. माझ्या ओळखीतले दोन चांगले डॉक्टर अशाच अर्ध्या गोळीपासून सुरू होऊन इंजेक्शनपर्यंत गेलेले मी पाहिलेत. दोघांच्याही हातात औषधाचं कपाट होतं आणि दोघांनाही कोणी विचारणारं नव्हतं.

झोप न लागण्याचं कारण बहुधा गोळीने सुटणारं नाहीच. सकाळी दहाला ओपीडी, दुपारी राउंड, संध्याकाळी सहापासून दहापर्यंत परत ओपीडी, साडेअकराला जेवण, एकला बेल. बाळ निळं पडलंय. तुम्ही चपला न घालता जिना उतरता. तीनला परत वर येता तेव्हा अंगात इतकं चढलेलं असतं की डोळा लागत नाही. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. गाडी चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. आणि तुमचं तर सगळं काम मुलाच्या वजनावर डोस काढण्याचं, मिलिग्रॅम प्रति किलोचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर काय होतं, ते मी बालरोगतज्ज्ञाला सांगायला नको.

यावर माझा स्वानुभवाचा एकच उपाय आहे, आणि तो तुम्हाला पहिल्यांदा आवडणार नाही. तुमच्या गावातल्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाशी रात्री वाटून घ्या. मला माहीत आहे, समोरचा पेशंट ठेवून घेईल ही भीती असते. हप्ते चालू असतात, सोनोग्राफीचं मशीन, इमारत, सगळं. आम्ही तिघा फिजिशियननी अकरा वर्षं हे चालवलं. नियम एकच होता. रात्री दुसऱ्याने पाहिलेला पेशंट सकाळी चिठ्ठीसह मूळ डॉक्टरकडे परत जायचा, रात्रीची फी मात्र जागणाऱ्याची. पहिल्या वर्षी दोनदा कुरबुर झाली, समोरासमोर बसून मिटवली. आठवड्यात तीन-चार रात्री सलग सात तास झोप मिळाली की सकाळचा माणूस वेगळा असतो. माझ्या घरच्यांनी ते माझ्याआधी ओळखलं.

तासांचा हिशोब एकदा कागदावर करा. निवासी डॉक्टरांसाठी १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जास्तीत जास्त ७४ तास, आठवड्याची एक सुट्टी आणि रोज सात-आठ तासांची झोप सुचवली. शिकणाऱ्या मुलांसाठी निदान आकडा लिहिला गेला. स्वतःचा दवाखाना असलेल्याला तो कोणी लिहून देणार नाही, आपला आपणच लिहायचा. एक अर्धा दिवस कायमचा बंद ठेवा, फक्त गावच्या आठवडे बाजाराचा दिवस सोडून. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं एका भाड्यात दोन कामं करतात, त्यांना दार बंद दिसलं तर जीव हळहळतो आणि तुम्हाला घरात बसवणार नाही. दुसरा कुठलाही दिवस घ्या आणि पाटीवर रंगवून लिहा. छापील बोर्डाचा मान लोक ठेवतात.

आता आजीबद्दल. तुम्ही ओरडलात ही गोष्ट तुम्ही लिहिलीत, म्हणजे ती तुम्हाला टोचते आहे. ज्याला टोचतं त्याच्यातलं अजून काही बिघडलेलं नाही. पण मला एक विचारू द्या, तुम्ही लिहिलेलं नाही तरी. त्या आठवड्यात किंवा त्याच्या आधी हातातून एखादं मूल गेलं होतं का?

मी विचारते, कारण माझं तसंच झालं होतं. कापसाच्या पट्ट्यात विषबाधेचे पेशंट आपल्याला नवीन नाहीत. एका पावसाळ्यात बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आणली, कपड्यांना फवारणीच्या औषधाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस. रात्रभर अ‍ॅट्रोपीन, या विषावरचा उतारा. दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, बाहुल्या बघायच्या, परत डोस. पहाटे सिस्टरने फोडलेल्या अँप्युल्सचा ढीग ट्रेमध्ये एका बाजूला सारला, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. साडेसहाला ती गेली. तिच्या आईला मी सांगितलं, आंघोळ केली आणि दहाला ओपीडीत बसले. त्या दिवशी साठ पेशंट पाहिले. एकालाही काही कळलं नाही. पुढचे दोन-तीन महिने मी सगळ्यांवर डाफरत होते, कंपाउंडरवर, मुलीवर, औषध कंपन्यांच्या एमआरवर. मला वाटायचं माझा स्वभाव बिघडला. तो स्वभाव नव्हता, ते न झालेलं सुतक होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामातून आलेली अवस्था म्हणून घातलाय. खूणा तीन : सगळी शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल आणि माणसांबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपण काही उपयोगाचं करत नाही असं वाटणं. तुमच्या प्रश्नात पहिल्या दोन मला दिसतात. पण त्याखाली नैराश्यही असू शकतं, आणि ते मात्र आजार आहे, त्याला उपचार आहेत. नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली तुम्हाला माहीत आहे. गेल्या दोन आठवड्यांचं खरं खरं भरा. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्याचं उत्तर 'मुळीच नाही' सोडून दुसरं काही असेल तर गुण मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला, पत्नीशी, माझ्याशी, कोणाशीही. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तिथे डॉक्टर असल्याचं सांगायची गरज नाही. आणि घरात-दवाखान्यात गोळ्या-इंजेक्शनांच्या कपाटाची किल्ली काही दिवस दुसऱ्याकडे ठेवा. यात कमीपणा नाही, आपण पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगतो.

पेशंट गेला की आमच्याकडे आता एक पद्धत आहे. त्याच संध्याकाळी मी, सिस्टर आणि जो कोणी ड्युटीवर होता तो, पंधरा मिनिटं बसतो. काय झालं ते क्रमाने बोलतो. चुकलं असेल तर तेही बोलतो. सिस्टर पहिल्यांदा रडल्या तेव्हा मला कळलं की त्यांना इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. नातेवाइकांच्या रागाची भीतीही तिथेच बोलून हलकी होते. ती भीती खोटी नाही. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्या धुळ्यातच एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली, आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावर गेले नाहीत. डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा २०१० पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरी गंभीर मूल आलं की पहिल्या दहा मिनिटांत नातेवाइकांतल्या एका शहाण्या माणसाला बाजूला घेऊन 'प्रकृती नाजूक आहे' हे स्पष्ट शब्दांत सांगणं आणि दर तासाला बाहेर येऊन दोन वाक्यं बोलणं, याने मला जितकं वाचवलंय तितकं कशानेच नाही.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत. बाळंतपणं वेळ बघून होत नाहीत, म्हणजे त्यांची झोप तुमच्यापेक्षा जास्त मोडत असणार. शिवाय मुलांचे डबे, सासू-सासऱ्यांची औषधं, गौरी-गणपती आणि कानबाईच्या सणाला येणारे पाहुणे हेही बहुधा त्यांच्याच अंगावर. त्यांचं बीपी तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? हिमोग्लोबिन? तुमच्या केसपेपरसोबत त्यांचाही केसपेपर निघाला पाहिजे, आणि तो तुमच्याकडे नाही. नवऱ्याने बायकोचा डॉक्टर व्हायचं नसतं.

खाली दवाखाना, वर घर. आपल्या भागात निम्म्याहून जास्त डॉक्टरांचं असंच असतं. सोय आहे, पण जिना हा काही उंबरठा होत नाही. माझ्या एका मैत्रिणीने जिन्याच्या पायथ्याशी एक खुंटी ठोकली. एप्रन आणि दवाखान्याचा फोन तिथे अडकवून वर जायचं. ड्युटीची रात्र नसेल तर फोन सिस्टरकडे. ती सांगते, पहिले पंधरा दिवस तिला हात रिकामे वाटले आणि मग मुलगा जेवताना बोलायला लागला.

खाण्याचं फार अवघड करू नका. खानदेशचं घरचं जेवण चांगलंच आहे. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, उडदाची डाळ, सोबत कांद्याची पात, याला कुठल्या डाएटची गरज नाही. बिघडतं ते वेळेने आणि बाहेरून मागवलेल्या शेवभाजीने. शेव, तर्री, पापड या तिघांत मिळून दिवसाच्या पाच ग्रॅम मिठाची मर्यादा एका ताटात संपते. त्यापेक्षा संध्याकाळी साडेआठला वीस मिनिटं ओपीडी थांबवा आणि वर जाऊन जेवा. बाहेर बसलेल्या आयांना सरळ सांगा, जेवून येतो. आपल्याकडची माणसं त्याला नाही म्हणत नाहीत. मला तर एकदा शिंदखेड्याकडची एक म्हातारी पेशंट नाडी बघता बघता म्हणाली, "भाऊना बाप येवो का कोनी बी येवो, तू आधी जेवी ले माय." चहाचा हिशोबही करा. एमआर, नातेवाईक, स्टाफ मिळून दिवसाला आठ कप होत असतील आणि कपात दोन चमचे साखर असेल, तर साठ-सत्तर ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. माझी साखर त्यातूनच गेली होती. आता बिनसाखरेचा, दिवसातून दोन.

व्यायामासाठी पहाटे पाचला उठू नका. रात्री दोनला झोपलेल्या माणसाने पाचला उठून पळणं हे स्वतःचीच झोप चोरणं आहे. आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढंच ध्येय ठेवा. तुमच्या वेळापत्रकात ते संध्याकाळच्या ओपीडीच्या आधी, पाच ते साडेपाचला बसतं. फक्त मार्च ते जून आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा बाहेर नको, वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये किंवा गच्चीच्या जिन्यावर. दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हा, तासभर नको, रात्रीची झोप जाते. वजन दोन महिन्यांत उतरलं नाही तरी हरकत नाही. आधी बीपी आणि झोप ताळ्यावर येऊ द्या.

धुळ्याला यायचं म्हटलं तर तुम्हाला पाऊण-एक तास लागेल. मी गुरुवारी दुपारी चारनंतर नवीन पेशंट घेत नाही, तो वेळ मी डॉक्टरांसाठीच राखलाय. येताना बीपीची वही आणा, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, सॅम्पलच्या ड्रॉवरमधलीसुद्धा, आणि पत्नीला सोबत आणा. बाहेर कंपाउंडरकडे नाव सांगा, दोन केसपेपर काढून ठेवायला मी त्याला सांगून ठेवते.